अण्णांच्या घरात लोर्ना

अहो वहिनी, ऐकलंत का? जरा गडग्याशी या बघू, मोठ्यानं बोलायची सोय नाही. काल वरच्या घरात काय झालं म्हणून विचारा! भांडण नव्हे हो. म्हणजे भांडणच, पण गाण्यावरून. आपल्या पेडण्यात लोक माडावरून भांडतात, बांधावरून भांडतात, सप्ताहात कुणाचा पार आधी यावरूनही भांडतात. पण इंग्लंडच्या एका बाईवरून सासऱ्याचं नि सुनेचं वाजावं, हे मात्र नवीनच!

अण्णांची सून ती, डिचोलीची. मोपाच्या विमानतळावर ड्युटीला जाते ना, तीच. संध्याकाळी आली, चहा घेतला आणि त्या काडेपेटीएवढ्या स्पीकरवर एमी वाइनहाउस लावली. आणि इकडे अण्णा नेमके पेटी काढून बसलेले! गुरुवारचं भजन, सूर धरतायत, आणि त्यात ते ढाण ढाण ढाण… मी आपली सोलं परत द्यायला गेले होते. मुद्दाम कोण जातंय ऐकायला! पण गेलेच होते तर पायरीवर टेकले.

एमी कोण ते तुम्हाला सांगायला नकोच. ती हो, डोळ्यांना काजळाच्या शेपट्या आणि डोक्यावर हा एवढा उंच अंबाडा. 2011 च्या जुलैत गेली बिचारी, अवघी सत्तावीस वर्षांची. दारूनं नेली. तर सून लावून बसली होती तिचा तो दुसरा अल्बम, 'बॅक टू ब्लॅक', 2006 चा. अण्णा म्हणाले, "हे काय रडगाणं लावलंस?" झालं! सुनेचा चेहरा असा उतरला म्हणता… पण ती डिचोलीची हो, गप्प बसणाऱ्यांतली नव्हे. तिनं आवाज बारीक केला आणि सगळी कुंडलीच मांडली.

म्हणे, या एमीचा पहिला अल्बम 2003 चा, 'फ्रँक'. जॅझच्या वळणाचा. लोकांनी वाहवा केली, पण बाईसाहेबांना स्वतःला तो पुरता आपला वाटलाच नाही. मग तिनं काय केलं, मागं वळून पाहिलं. 1960 च्या काळात अमेरिकेत पोरींचे गट गायचे ना, रॉनेट्स, शांग्री-लाज, त्यांची गाणी घोळून घोळून ऐकली. अंबाडासुद्धा त्या रॉनेट्सचाच उचललेला! मग न्यूयॉर्कला मार्क रॉन्सन भेटला. त्यानं म्हणे 'बॅक टू ब्लॅक' या गाण्याची पियानोची चाल एका रात्रीत बांधून तिच्यापुढं ठेवली. निम्म्या गाण्यांची निर्मिती त्याची, निम्म्यांची सलाम रेमीची. वाजवायला ब्रुकलिनचे डॅप-किंग्ज, जुन्या पद्धतीनं टेपवर रेकॉर्डिंग करणारे. एका गाण्याखाली तर मोटाउनचं जुनं गाणं सरळ अंथरलेलं. आणि ते 'रिहॅब' कसं झालं ठाऊक आहे? रस्त्यानं चालता चालता ती रॉन्सनला सांगत होती, की घरचे मला दारू सोडवायला पाठवत होते आणि मी साफ नाही म्हटलं. तो म्हणाला, अगं, हे तर गाणंच झालं!

2008 च्या फेब्रुवारीत पाच ग्रॅमी मिळाले या अल्बमच्या जोरावर. आणि बाई कुठं? लंडनला. व्हिसाची भानगड! तिकडूनच उपग्रहावरून गायली. रेकॉर्ड ऑफ द इयरचं नाव वाचायला मंचावर टोनी बेनेट होता, तिचं दैवतच ते. नाव पुकारलं तेव्हाचा तिचा चेहरा पाहिलात का तुम्ही? सुनेनं मोबाईलवर दाखवला. सगळे नाचतायत, मिठ्या मारतायत, आणि ही खांबासारखी उभी. लेकराला जत्रेत कुणी अनोळखी माणसानं हाक मारावी तशी बघतेय नुसती…

तर काय सांगत होते? हां, गाणं. त्यात मध्येच पितळी वाद्यं घुसली, ट्रम्पेट नि सॅक्सोफोन, आणि माझ्या तोंडून गेलंच, "अगो बाय, ही तर आपली लोर्ना!"

अहो, शांतता पसरली! सून हसली. म्हणाली, "काकी, लोर्ना म्हणजे लग्नाच्या बँडचं गाणं." आणि अण्णा काय म्हणाले असतील? म्हणाले, "लोर्ना आपली कधीपासून झाली?" म्हणजे बघा, एकाच वाक्यानं दोघंही माझ्यावर. मग मी सोलांचं भांडं खाली ठेवलं. म्हटलं, आता बसतेच नीट.

लोर्ना कोर्देरो. जन्म मुंबईचा, 1946 चा. तिला गोव्याची नाइटिंगेल म्हणतात ते उगीच नव्हे. पण आवाज कोकिळेचा नाहीच हो तिचा! रुंद, खरखरीत कडा असलेला, खालून वर येताना हसता हसता एकदम भरून येणारा. गोड गळे आपल्याकडे पायलीला पन्नास. पण 'बेबदो' म्हणताना ती त्या दारुड्याची टर उडवते, तेव्हा मागं कुठंतरी घरच्या बाईचा त्रागा ऐकू येतो की नाही? सोल म्हणतात ते दुसरं काय असतं? एमीनं दारू सोडवायला जाणार नाही असं गायलं, लोर्नानं दारुड्याला गायलं. एक पिणारीच्या बाजूनं, दुसरी दार उघडणारीच्या बाजूनं. दार उघडणाऱ्या बायका आपल्या वाड्यावर किती, हे मी नावं घेऊन सांगत नाही. तुम्हाला ठाऊक आहेतच.

आणि तिच्यामागं तो ख्रिस पेरी. मडगावचा, 1928 चा जन्म. ट्रम्पेट वाजवायचा, सॅक्सोफोन वाजवायचा, गाणी लिहायचा, चाली बांधायचा. स्वभावानं म्हणे भारी कडक, तालमीला बँडवाले थरथरत असत. लोर्नानं विशीही गाठली नव्हती तेव्हा त्यानं तिला हेरलं. मग चर्चगेटचं 'व्हेनिस', नाइट क्लब, एचएमव्हीच्या तबकड्या, 'बेबदो', 'पिसो', 'नाचूं या कुंपासार'… तिचा गळा आणि त्याचं ट्रम्पेट असे भिडायचे की दोघं भांडतायत की लाडीगोडी चाललीय, कळायचं नाही. त्या दोघांचं पुढं काय झालं ते… जाऊ दे. मी बाई कुणाच्या खासगी गोष्टी बोलणारी नव्हे. सबंध गोव्याला ठाऊक आहे, मी कशाला?

सून म्हणाली, "पण काकी, एमीच्या मागं अमेरिका होती. लोर्नाच्या मागं काय?" अगो, काय नव्हतं ते विचार! 1935 पासून मुंबईच्या ताजमध्ये अमेरिकेतले काळे वादक येऊन वाजवायचे. लिऑन ॲबी, क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड. आपले गोंयकार त्यांच्या पंगतीला बसून स्विंग शिकले. हळदोण्याचा आंतोनियो वाझ तर चिक चॉकलेटच झाला, भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे त्याला. म्हणजे एमीनं ज्या विहिरीचं पाणी प्यायलं, त्याच विहिरीचं पाणी धोबीतलावच्या कुडांत राहणाऱ्या आपल्या पोरांनी तिच्या जन्माच्या कितीतरी आधी प्यायलेलं. त्यात क्युबाचा चा-चा-चा आला, पेरीला त्याचा राजाच म्हणत. पोर्तुगालच्या फादूची हुरहूर आली, मांडोची संथ लय आली. तियात्रातली कांतारां आली, दोन ओळींत शेजाऱ्याची खोड काढणारी. ते तियात्रसुद्धा मुंबईतच जन्मलेलं, 1892 साली. एवढं सगळं त्या चार मिनिटांच्या गाण्यात!

आणि हीच माणसं दिवसा काय करायची? सिनेमाच्या स्टुडिओत वाजवायची. 'अलबेला' पाहिलात ना, 1951 चा? आपल्या चितळकरांचं संगीत, आणि त्यात ट्रम्पेट चिक चॉकलेटचं. शंकर-जयकिशनच्या मागं सेबास्टियन डिसोझा. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, त्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले, म्हणून तर 1977 मध्ये अमिताभच्या तोंडी ते नाव आलं. अण्णा 'अलबेला'ची गाणी पेटीवर काढतात हो, गुपचूप! मी ऐकलंय. तसं म्हटलंही तोंडावर. मान खाली घालून पेटीच्या स्वरपट्ट्या पुसत बसले.

पण अण्णा ते अण्णाच. थोड्या वेळानं म्हणतात, "ते सगळं साष्टी-बार्देसचं. आपण नव्या काबिजादीतले. आपलं गाणं वेगळं." आता हे त्यांचं खोटं नाही हं, वहिनी. आपल्या पेडण्यावर सावंतवाडीचं राज्य होतं. पोर्तुगीज पेडण्यात नि डिचोलीत आले ते 1780 च्या दशकात. तोवर तिकडे साष्टी-बार्देसात दोनशेहून जास्त वर्षं चर्चच्या शाळेत मेस्त, म्हणजे गाण्याचा मास्तर, पोरांकडून सोल्फेज घोटून घेत होता. म्हणून त्यांच्या घरात व्हायोलिन, आपल्या घरात पेटी नि पखवाज. त्यांचा मांडो, आपले धालो नि फुगड्या. त्यांचं तियात्र, आपला दशावतार. डिचोलीला नव्याच्या सोमवारी पालखी निघते, रात्रभर गाण्याच्या बैठकी होतात, तिथं ट्रम्पेट कशाला येतंय? सून त्या बैठकी ऐकतच वाढलेली. तिनं मान डोलावली. अण्णा खुलले. मिशीवरून हात फिरला त्यांचा.

आणि तेवढ्यात तिनं बॉम्ब टाकला हो! अगदी लाडानं म्हणते, "पण अण्णा, ही पेटी कुठली?"

अण्णा म्हणाले, "कुठली म्हणजे? आजोबांची."

"तशी नव्हे. मूळची कुठली?"

मूळची पॅरिसची! अलेक्झांडर दबँ नावाच्या माणसानं 1840 च्या दशकात तिचं पेटंट घेतलं. तेव्हा ती पायानं भाता मारायची होती, नाटकातल्या पायपेटीसारखी. पुढं कलकत्त्याला द्वारकानाथ घोषांनी हातानं वाजवायची केली, म्हणून ती मांडी घालून बसणाऱ्यांच्या पुढ्यात आली. आणि ऐका, आकाशवाणीनं 1940 साली याच पेटीला बंदी घातली होती, तिच्यात मींड निघत नाही, आपल्या गाण्याला ती परकी, म्हणून. 1971 च्या सुमारास उठली ती बंदी. म्हणजे लोर्ना 'बेबदो' गात होती त्याच काळात अण्णांच्या पेटीची शुद्धी झाली!

अण्णांचा चेहरा, वहिनी… काय सांगू. भात्यातली हवा जावी तसा. अण्णांच्या मंडळी, काकू, आत भाकऱ्या थापत होत्या, त्यांचा थापण्याचा आवाजच थांबला. मला तर हसू आवरेना, पदर तोंडात कोंबला.

पण म्हाताऱ्यानं हार मानली नाही. म्हणाले, "अभिषेकीबुवांचं काय मग? मंगेशीचे. तसलं काही केलं का त्यांनी?" अरे देवा! त्यांनीच तर केलं! 'मत्स्यगंधा' आणि 'कट्यार काळजात घुसली' यांच्या अधेमधे, 1966 साली, 'लेकुरे उदंड जाली' आलं कानेटकरांचं. त्याच्या चाली पाश्चात्त्य ढंगाच्या, आणि त्या बुवांच्या. कुणी म्हटलं का की बुवा बाटले?

मग अण्णांनी शेवटचा पत्ता काढला. डोळे मिटले, कानाला हात लावला आणि म्हणाले, "गाणं म्हणजे केसरबाई." त्यावर कोण काय बोलणार? केरीच्या केसरबाई. आपली तेरेखोलकडची केरी नव्हे, फोंड्याची. अमेरिकेनं 1977 मध्ये व्हॉयेजर यान सोडलं तेव्हा पृथ्वीवरचं गाणं म्हणून सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तिच्यात केसरबाईंची भैरवी आहे. अण्णांना हे पाठ, दर गणेशचतुर्थीला ऐकवतात. सूनबाई मोबाईलमध्ये काहीतरी शोधत होती. वर न बघता म्हणाली, "हो अण्णा. आणि त्याच तबकडीवर लुई आर्मस्ट्राँगचं ट्रम्पेटही आहे. केसरबाई आणि आर्मस्ट्राँग एकाच तबकडीवर चाललेत, सूर्यमालेच्या बाहेर."

अहो, इतका वेळ एक अक्षर न बोललेल्या काकू दारात आल्या, पिठाच्या हातानं. म्हणाल्या, "पुतण्याच्या लग्नात बँडनं 'बेबदो' धरला तेव्हा पहिलं पाऊल कुणाचं हललं, ते विचार तुझ्या सासऱ्याला!" आणि आत गेल्या. संपलं! अण्णा लालेलाल. पण हसले हो शेवटी, मिशीतल्या मिशीत.

तर काय सांगत होते… दुसरा अल्बम. सुनेला ते सोडवेना. म्हणाली, "काकी, एमीचा दुसरा अल्बम जगानं डोक्यावर घेतला. लोर्नाचा दुसरा अल्बम कुठला?" आता आपल्याकडे असे अल्बम मोजायची रीत कुठं होती? चार गाण्यांची छोटी तबकडी निघायची, ती रेडिओवर वाजायची, कॅसेटवर भरून गल्फला जायची. पण मी म्हटलं, आहे की! 1995 चा. 'हॅलो लोर्ना'.

आठवतं ना? सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीनंतर ती गायचीच थांबली होती. वीसेक वर्षं! क्लब बंद पडले, पेरी दुबईला गेला, 1977 मध्ये 'भुयारांतलो मनीस' आला, कोकणीतला पहिला रंगीत सिनेमा, संगीत त्याचंच. पण लोर्ना गप्प. लोक म्हणायचे, गेली असेल. कुणी म्हणायचे, आवाज गेला असेल. आपल्या लोकांना दुसऱ्याचं काहीतरी गेल्याचं सांगायला फार आवडतं. मग रॉनी मोन्सेरात नावाचा संगीतकार उठला, तिच्या दारी गेला, तिला पुन्हा माइकपुढं उभी केली. पन्नाशीला टेकलेली बाई. मिरामारला ती गायला उभी राहिली तेव्हा ज्यांनी आवाज गेल्याचं सांगितलं होतं तेच पुढच्या रांगेत डोळे पुसत होते म्हणतात. आवाज आणखी जड झालेला, पहिल्यासारखा उडत नव्हता. पण आता मागं पेरीचं ट्रम्पेट नव्हतं, तिला ओढून नेणारं कुणी नव्हतं. गाणं तिचं तिलाच पेलायचं होतं. पेललं.

मी सुनेला म्हटलं, बघ, फरक इथं आहे. एमीचा दुसरा अल्बम दुसऱ्यांच्या जुन्या गाण्यांकडे वळून बघत झाला. लोर्नाला वळून बघायला स्वतःचंच जुनं गाणं होतं. आणि त्यानंतरची वर्षं एमीला मिळालीच नाहीत. 2011 च्या मार्चमध्ये त्याच टोनी बेनेटबरोबर ती 'बॉडी अँड सोल' गायली, चार महिन्यांत गेली, गाणं बाहेर आलं ते तिच्यामागं. लंडनच्या असिफ कपाडियानं 2015 मध्ये तिच्यावर माहितीपट काढला, त्याला ऑस्कर मिळालं. सून तो बघताना रडली म्हणे. हे ऐकून अण्णांनी पेटी बाजूला सारली आणि तिला पाणी आणून दिलं. खोटं नाही सांगत!

आपल्याकडेही सिनेमा झालाच ना, 'नाचूं या कुंपासार'. बार्डरॉय बार्रेटोनं 2014 मध्ये काढला, लोकांकडून पैसे गोळा करून. सगळी गाणी ख्रिस पेरीची. विजय मौर्य आणि पालोमी घोष. ती पोर बंगाली, कोकणी शिकून उभी राहिली आणि राष्ट्रीय पुरस्कारात तिचा खास उल्लेख झाला. सिनेमाला त्या वर्षी तीन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. पण पेरी ते बघायला नव्हता, 2002 मध्येच गेला. आणि सिनेमातली माणसं लॉरी नि डोना, बरं का. लोर्नाचं नाव कुठं नाही. सगळ्यांना कळतं आणि कुणी बोलत नाही, अशी ती गोष्ट. आपल्या गावासारखीच.

आता वहिनी, ऐका माझं. एमी ऐका, मी नको म्हणत नाही. पोरीनं जीव ओतलाय. पण आधी 'बेबदो' लावा, त्यात ट्रम्पेट लोर्नाला कुठं चिमटा काढतं ते बघा. मग 1995 ची लोर्ना लावा आणि मध्ये गेलेली वीस वर्षं त्या आवाजात ऐका. पेडण्यातलं कुणी 'हे आपलं नव्हे' म्हणालं, तर त्यांना त्यांची पेटी कुठून आली तेवढं विचारा. आणि मी सांगितलं म्हणून सांगू नका. तुमच्या मोबाईलवर नसेल तर वरच्या घरच्या सुनेला सांगा, ती पाठवील. काल रात्री तिनं अण्णांनाही पाठवलंय.